जावई ठोकळा

नवऱ्याचा आणि लेकीचा डबा भरता भरता आईला पुन्हा खोकल्याची उबळ आली. मिस्त्रींनी तिच्या पाठीवर हात फिरवला.

"संध्याकाळी दवाखान्यात जाऊ."

"आधी तुमचा स्लॅब उघडा. माझा खोकला कुठे पळून जातोय!"

ती दहा वर्षं सिमेंटच्या कारखान्याच्या चिमणीखाली राहिली होती. म्हणूनच मिस्त्रींच्या बांधकाम कंपनीने काँक्रीटमध्ये निम्म्या सिमेंटऐवजी राख मिसळायला सुरुवात केली तेव्हा लेकीला फार आनंद झाला. ती बाबांच्याच बांधकामावर तपासणीच्या खोलीत कामाला होती. सिमेंट कमी म्हणजे भट्टी कमी, भट्टी कमी म्हणजे धूर कमी, हे तिने आईला चार वेळा समजावलं होतं. कंपनीला त्याबद्दल मानाची पाटीही मिळाली. आठवड्याला एक मजला हा वेग मात्र मालकांनी तसाच ठेवला.

प्रत्येक स्लॅबच्या वेळी मिस्त्री त्याच काँक्रीटचे तीन ठोकळे तपासणीसाठी भरत. सातव्या दिवशी ते यंत्रात दाबून फोडायचे, आकडा पुरेसा आला की स्लॅबखालचे टेकू काढायचे. गेल्या आठवड्यात लेकीने हौसेने चौथा ठोकळा भरला होता, सरळ गाडीतल्या मालातून. नवा माल किती पक्का आहे हे तिला बाबांना दाखवायचं होतं.

त्या सकाळी कंपनीचे तिन्ही ठोकळे सव्वीसच्या आसपास फुटले. वीस पुरे होते. तिने खुशीत स्वतःचा ठोकळा यंत्रात ठेवला. काटा नऊवर गेला आणि ठोकळ्याची एक बाजू भुसभुशीत होऊन ढासळली.

यंत्र बिघडलं असेल, असं तिला आधी वाटलं. मग कामगारांची चेष्टा आठवली. तपासणीच्या ठोकळ्याला ते जावई म्हणत. 'जावयाचं ताट वेगळं!' म्हणून हसत. तीही हसली होती. आता तिला त्या चेष्टेचा अर्थ कळला. रिपोर्टची वाट न बघता टेकू काढायला घ्यायची तिथली रीतच होती, आणि बाबा आत्ता त्याच स्लॅबखाली होते.

ती पाच जिने धावत चढली. टेकूंच्या रांगांमध्ये मिस्त्री आणि चार माणसं हातोडे चालवत होती. मधले तीन टेकू जमिनीवर पडलेले होते.

"बाबा, थांबा! हातोडा ठेवा!"

"अगं, टोपी कुठाय तुझी? अशी आत येतेस?"

"ठोकळ्यात तुम्ही काय घातलं होतं?"

मिस्त्री माणसांकडे बघत ओशाळं हसले. "एक घमेलं सिमेंट जास्त. वीस वर्षं घालतोय. साहेबच सांगतात. कधी काही झालंय का?"

"तेव्हाचं काँक्रीट आठवड्यात घट्ट व्हायचं, बाबा. हे राखेचं आहे, याला वेळ लागतो. माझा ठोकळा नऊवर फुटला!"

मिस्त्रींच्या दंडावर वरून चिमूटभर भुकटी पडली. त्यांनी मान वर केली. मधोमध एक बारीक रेघ होती, सकाळी नव्हती.

"एकेक जण बाहेर," ते हळूच म्हणाले. "धावू नका. कशाला हात लावू नका."

चौघे गेले. लेक हलली नाही. त्यांनी डोळे वटारले, तरी तिने खाली पडलेल्या टेकूचं एक टोक उचललं. बापलेकीने तीन टेकू परत उभे केले. प्रत्येक वेळी वर काहीतरी करकरे आणि दोघांचा श्वास अडके. तिसरा घट्ट बसला तेव्हा मिस्त्रींनी तो हाताने हलवून पाहिला.

साहेब दारात आले. "काम का थांबलं? परवा वरचा स्लॅब भरायचाय. रिपोर्ट पास आहे ना?"

"त्या रिपोर्टचे ठोकळे माझ्या हातचे आहेत, साहेब. खोटे आहेत."

"तुमचं वय झालं, मिस्त्री. भिता."

"भितो. तुम्ही या ना इथे खाली. तुम्ही मध्ये उभे राहा, मी टेकू काढतो."

साहेबांनी वर पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

"माल चांगलाच आहे," लेक म्हणाली. "थांबलात तर जुन्याच्या तोडीस तोड होईल. तीन आठवडे द्या त्याला."

"तीन आठवडे? मालकांना पाटीही हवी आणि मजलाही."

त्या मजल्याचे टेकू तीन आठवडे राहिले. पुढच्या स्लॅबला मिस्त्रींनी सगळ्यांसमोर ठोकळा भरला. एकाने विचारलं, "जावयाला वेगळं काही नाही?"

"घरात शिजेल तेच खाईल," मिस्त्री म्हणाले. कुणी हसलं नाही. महिनाअखेर बापलेक दोघांनाही कामावरून काढलं.

कंपनीच्या शेजारच्या इमारतीवर आता दुसरा मिस्त्री आहे. तिथले टेकू सातव्या दिवशीच निघतात. फाटकावर कमी धुराची पाटी चकाकते आणि घरं घ्यायला माणसं मुलाबाळांना घेऊन येतात. फाटकासमोर रस्त्यावर लेक उभी असते. पुढ्यात दोन फुटके ठोकळे, एकावर सव्वीस लिहिलेलं, दुसऱ्यावर नऊ. बहुतेक जण तिला चुकवून आत जातात. एखादा थांबलाच तर ती एवढंच म्हणते, "आत विचारा, तुमच्या छतात यातलं कोणतं आहे?"