मांजरांचं सातवं घर

विष्णुपंत वकिलांचा पूजेला नेसायचा सोवळ्याचा रेशमी मुकटा उंदरांनी कुरतडला, आणि त्याच मुकट्याच्या लोंबत्या धाग्यांशी घरातली दोन्ही मांजरं खेळत बसली होती. एक धागा गोट्याच्या तोंडात, दुसरा चिमीच्या पंजात. खुद्द उंदीर पाटाखाली बसून गंमत बघत होता, असं भांडी घासणाऱ्या दगडाबाईनं पुढं साऱ्या गल्लीला सांगितलं.

"तीन वर्षांची घोडी झाली!" विष्णुपंत ओरडले. कमरेला नुसता पंचा होता, त्यामुळं रागाला म्हणावं तसं वजन येत नव्हतं. "उंदीर धरायचं राहू दे, अजून पदर चोखतात! उद्या सकाळी गाडीवान येईल. पोत्यात घालून माहुलीपलीकडं सोडणार. ऐकतेस ना, अनसूया?"

अनसूयेनं ऐकलं. ती त्यांच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको. तेराव्या वर्षी कुंकू पुसलं, आता बाविशी उलटली होती. मधल्या सगळ्या काळात साताऱ्यातल्या त्या गल्लीनं तिला उंबऱ्याबाहेर बघितलं नव्हतं. सकाळी विधवा दिसली की दिवस वाईट जातो म्हणे. ती दिसत नसतानाही वकिलांचे किती खटले बुडाले, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

तिची म्हणावीत अशी ही दोन मांजरंच. त्यांच्या आईला कुत्र्यानं मारलं तेव्हा पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नव्हते. अनसूयेनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून ती जगवली. आता गोट्या चांगला दांडगा बोका झाला होता, पण ती बसली की मांडीवर चढायचा, पुढचे पंजे कणीक मळल्यासारखे चालवायचा आणि पदराचं टोक तोंडात घेऊन डोळे मिटून चोखायचा. चिमी स्वतःच्या शेपटीवर झडप घालायची आणि शेपटी सापडली की दचकायची.

सांगलीला अनसूयेची क्षमामावशी बायकांच्या दवाखान्यात नर्स होती. "ये इकडं, काम शिकवते," असा तिचा निरोप यायचा. अनसूयेचं उत्तर ठरलेलं, "मांजरांना कोण बघेल?"

विष्णुपंत कोर्टात गेले. जाऊबाई माहेरी होत्या. अनसूया मांजरांना पोटाशी धरून चुलीपुढं बसली.

"आवं ताई, रडताय काय!" दगडाबाई राखेचा हात तसाच हलवत म्हणाली. "ह्येंचं बालपन जाईल कसं? आय सात घरं फिरवती तवा पिल्लू शानं हुतं. ह्येंची आय तिसऱ्या घरालाच मेली. चार घरं ऱ्हायली न्हवं!"

"मग?"

"मग तुमी फिरवा. आय तुमीच की! आज सात घरं झाली तर उद्याच्याला उंदीर धरत्यात का न्हाई बगा. मग कोन घालतंय पोत्यात?"

अनसूया दाराकडं बघत राहिली. मग पटकन उठली. "टोपली आण."

भर दुपारी वकिलांच्या घरातली विधवा कमरेवर टोपली घेऊन रस्त्यात आली. टोपलीच्या झाकणाखालून गोट्याची शेपटी बाहेर आणि पुढं दगडाबाई, लग्नाच्या वरातीला निघाल्यागत. समोरच्या घरातल्या बाईनं दार लोटून घेतलं. पण चिमीला दार कळतं होय? ती टोपलीतून निसटून फटीतून आत शिरली आणि शेवया वाळत घातलेल्या बाजेवर उडाली. आतून किंकाळी, मग हसू. "अगं बाई, ही शेवयांशी लपंडाव खेळतेय!" दार उघडलं.

"चवथं!" दगडाबाई ओरडली.

पाचव्या घरात लढाईवरून परतलेला तात्याबा शिंपी मशिनीवर बसला होता. गोट्यानं दोऱ्याचं रीळ पळवलं, ते घेऊन ओसरीवरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर! तात्याबा लंगडत मागं. "धरा रं त्याला! जर्मननं दमवलं न्हाई एवढं ह्या बोक्यानं दमवलं!" सगळी गल्ली बाहेर आली. दोरा साऱ्यांच्या पायांत गुंतला, म्हातारे खोकत हसले, आणि अनसूया रस्त्याच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं हसत होती. कुणाला अपशकुन झाला नाही. कुणाच्या घराचे वासे कोसळले नाहीत.

सहाव्या घराला बायका आपणहून बोलवायला आल्या.

"आता सातवं," दगडाबाई धापा टाकत म्हणाली. "त्ये आजोळाचं पायजे. ह्येंची आय हरणाबाईच्या घरची."

बायकांचं हसू तिथंच थांबलं. हरणाबाईचं घर ओढ्यापलीकडं, महारवाड्यात. ती सुईण होती. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हातांवर आलेली. अडलेल्या बाईला सोडवायला हरणाबाई चालायची, आणि पोर रडलं की ज्या वाटेनं ती गेली त्या वाटेवर गोमूत्र शिंपडायचे. थू असल्या शुद्धपणावर!

"वहिनी, परत फिरा," एक बाई कुजबुजली.

"सहा झाली. सातव्यासाठी परत फिरू?" अनसूया म्हणाली आणि ओढ्यात उतरली.

हरणाबाईचं दार सताड उघडं होतं. आत तिची सून कळा देत होती आणि हाताखाली कुणी नव्हतं. बायका सगळ्या खुरपायला गेलेल्या. दारात सावली पडताच हरणाबाई वळून न बघता ओरडली, "कोन का असंना, ये आत! मागनं धर हिला!"

अनसूयेच्या हातातली टोपली गळाली. ती आत धावली, पोरीच्या पाठीला टेका देऊन बसली. पोरीनं तिचं मनगट असं आवळलं की बोटं बधिर झाली.

"जोर कर माझ्या वाघिनी! आलं, डोस्कं आलं! सोडू नगंस गं तिला!"

"नाही सोडत!" अनसूया ओरडली. असा आवाज तिच्या गळ्यातून कधी निघाला नव्हता.

आणि पोर रडलं! लालभडक, मुठी वळलेलं, साऱ्या जगावर खवळलेलं. हरणाबाईनं नाळ कापून ते अनसूयेच्या हातात दिलं तेव्हा कुठं तिचं तोंड बघितलं. "अगं माझे बाई! वकिलाची भावजय?"

अनसूया हसली. कोपऱ्यात गोट्या नव्या दुपट्यावर पंजे मळत बसला होता.

दिवस मावळायच्या आत बातमी विष्णुपंतांच्या कानावर गेली. अनसूया परतली तेव्हा ते उंबऱ्यातच आडवे उभे होते.

"मागच्या दारानं ये. अंगावरून पाणी घे, गोमूत्र घे, मग घरात. आणि मांजरं उद्या जाणार म्हणजे जाणार."

"भाऊजी, तुमची दोन्ही मुलं त्याच बाईच्या हातांनी आली," अनसूया म्हणाली. "त्यांना कुठल्या दारानं घेतलंत?"

विष्णुपंत उंबऱ्यावरून एक पाऊल मागं सरले. कोर्टात त्यांना कुणी असं कोंडीत धरलं नव्हतं. ती पुढच्या दारानंच आत गेली.

सकाळी गाडीवान कोंडीबा पोतं झटकत आला. अनसूया दारात तयार उभी होती. कमरेवर टोपली, काखेत बोचकं.

"कोंडीबा, माहुलीपलीकडंच जायचंय ना? पुढं स्टेशनापर्यंत सोड. मला सांगलीची गाडी धरायचीय."

"अनसूया!" आतून गर्जना झाली. "लोक काय म्हणतील?"

"मांजरांना सोडायला गेली, म्हणून सांगा."

गल्ली दारादारांत उभी होती. दगडाबाई डोळे पुसत चाकामागं पळत होती. "ताई, आज न्हाईतर उद्या धरतील हां उंदीर! सात घरं झाल्यात!"

"नाही धरले तर नाही!" अनसूयेनं ओरडून उत्तर दिलं.

नदी ओलांडताना गाडी हिसकली आणि टोपलीचं झाकण उडालं. कोंडीबानं मागं वळून बघितलं आणि त्याला हसू आवरेना. "आवं ताई, ही बेनी आपनहून पोत्यात घुसल्यात की!"

रिकाम्या पोत्यात दोन फुगवटे एकमेकांवर झडप घालत होते. एक पंजा बाहेर आला, अनसूयेच्या पदराचं टोक पकडून आत ओढू लागला.

"खेळू देत," ती म्हणाली, आणि पदर सोडवून न घेता तशीच पलीकडच्या काठाकडं बघत राहिली. "बैल जरा दामट, कोंडीबा. गाडी चुकायला नको."