साहेबाच्या मळ्याची दारू

खोपोलीच्या ठेसनातून ती पेटी डोक्यावर घेऊन धाऊ बंगल्यावर पोचला, तेव्हा त्याची मान अशी आखडली होती की खाली बघायची सोय नव्हती. पेटी काही फार जड नव्हती हो, मानच जुनी झालेली. विजेच्या कारखान्याचे ते भलेथोरले लोखंडी नळ डोंगरावर बसवले तेव्हा चार वर्षं त्यांचे बोल्ट धाऊने खांद्यावरून वर चढवले होते. आता जर्मनची पहिली लढाई संपून दोन वर्षं झाली, नळांतून पाणी धो धो उतरत होतं, वीज मुंबईला जात होती आणि धाऊच्या ठाकरवाडीत रॉकेलची चिमणीसुद्धा दोन घरांतच होती. बंगल्यावर पाणी भरायचं, लाकडं फोडायची, एवढं काम मिळालं यावर तो खूश होता. खूश म्हणजे काय, थकलेला माणूस बसायला मिळालं की जेवढा खूश होतो तेवढा.

बंगल्यात नळांची देखभाल करणारा इटलीचा साहेब राहायचा. नाव पिएत्रो, पण एवढी कसरत कोण करतो? सगळे पेद्रू साहेब म्हणत. आठ वर्षं इथं काढून मराठी बरी बोलायचा. माणूस भला, पण गेले तीन आठवडे हिवतापाने आणि त्यावरच्या कडूजहर कोयनेलच्या गोळ्यांनी त्याचं पार चिपाड करून टाकलं होतं.

पेटीत भुशात गुंडाळलेल्या तीन बाटल्या निघाल्या आणि एक पत्र. पत्र वाचून साहेब तिथंच खुर्चीत बसला.

"बाप गेला, धाऊ. दीड महिना झाला."

 धाऊ जमिनीवर बसला. मग साहेब आपणहूनच बोलायला लागला. घरचा द्राक्षांचा मळा, चारशे वर्षांचा. लाल दारू करतात, पण एकाच जागच्या द्राक्षांची नाही. वरच्या उतारावरची, मधल्या मळ्यातली आणि ओढ्याकाठची, अशा तीन दारवा वेगळ्या मुरवायच्या आणि मग कुठली किती मिसळायची ते घरातल्या वडीलधाऱ्याने चाखून ठरवायचं. आजवर बाप ठरवत होता. आता वडीलधारा म्हणजे पेद्रूच. शनिवारच्या बोटीने माप कळवलं नाही, तर धाकटा भाऊ तिन्ही दारवा सुट्या व्यापाऱ्याला विकून टाकणार होता. मग घरची दारू संपली.

"मग चाखा की, सायेब."

साहेबाने चाखली. पहिली चाखली, दुसरी चाखली आणि पेला आपटला. "सगळी कडू! कोयनेल, कोयनेल, कोयनेल! माझी जीभ मेली." मग धाऊकडे बघून म्हणाला, "तू चाख. सगळी खोपोली सांगते, धाऊसारखी दारू कुणी गाळली नाही."

 खोपोली बाकीचंही सांगते, ते साहेबाच्या कानावर कसं आलं नाही कोण जाणे.

वाडीचा रिवाज असा, की जो दारू गाळील त्याने आधी चाखायची, मगच दुसऱ्याला द्यायची. मोहाच्या दारूशी खेळ नसतो. पाच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी धाऊ बोल्टांच्या तीन खेपा करून आला होता. अंगात त्राण नव्हतं. तशातच त्याने भट्टी लावली. तांब्याचं भांडं कळकून हिरवं पडलं होतं ते बघितलं नाही, आणि बाटली न चाखताच पोराच्या, शुक्राच्या हातात दिली. पोरगा दोन दिवस ओकून ओकून गेला. धाऊची बायको आवडी कळंबला माहेरी निघून गेली आणि वर्षाने परत आली ती एका बोलीवर. धाऊने दारू गाळायची नाही, जिभेला लावायची नाही. ज्या दिवशी तोंडाला वास येईल त्या दिवशी ती उठून जाणार, पुन्हा येणार नाही. आवडी गेली तर धाऊला दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

"जिभेला नाय लावत मी," धाऊ म्हणाला. "पन बघतो कायतरी."

त्याने पेला उचलला, चुलीपाशी गेला आणि दारू निखाऱ्यावर ओतली. मोहाची पहिल्या धारेची असली तर निळी पेटते, सगळी परीक्षा तिथंच होते. ही कसली पेटते! चर्र झालं, राख उडाली आणि चूलच विझली.

"अरे मूर्खा!" साहेब केवढ्यांदा ओरडला. "वरच्या उताराची होती ती!"

"पेटत नाय, तिला दारू कशाला म्हनायचं?" धाऊसुद्धा चिडला. पण पुढे भांडायला दोघांतही दम नव्हता. धाऊने तळव्यावर थेंब चोळून वास घेतला. कुठली आंबट, कुठली उग्र, एवढं नाकाला कळलं. पण मिसळायचं माप नाकाला कळत नाही.

साहेबाने तोंड ओंजळीत धरलं होतं. "बापाला खांदा दिला नाही," तो म्हणाला. "एवढं एक काम करायचं होतं त्याच्यासाठी. तेही होत नाही." आणि तो मोठा बाप्या हुंदके देऊन रडायला लागला.

धाऊला ते बघवेना. त्या बापाला त्याने पाहिलेलं नव्हतं, त्याचा मुलूख कुठं ते ठाऊक नव्हतं. पण मेलेल्या माणसासाठी करायचं राहून गेलं की काय होतं, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने पेला पुढे केला. "ओता."

दुपारभर दोघे बसले. धाऊ घोट तोंडात घोळवायचा आणि अंगणात थुंकायचा. वरच्या उताराची तोंड आवळणारी, मधली गोडसर, ओढ्याकाठची नुसती पाणचट. पण तिचा थोडा हात लागला की बाकीच्या दोघी भांडायच्या थांबत. "तीन वरची, दोन मधली, एक खालची," शेवटी तो म्हणाला. साहेबाने कागदावर लिहिलं, त्याचे दोन्ही हात धरले आणि सोडीचना.

घरी जाताना धाऊने ओढ्यावर पाच वेळा चुळा भरल्या, कडुनिंबाचा पाला चावला. उपयोग काय? आवडी दारातच नाचणी पाखडत बसली होती. तो जवळ आला आणि तिचं सूप थांबलं.

"प्यालो नाय गं," धाऊ घाईघाईने म्हणाला. "नुसती चाखली. सायेबाचा बाप मेला, त्याच्या मळ्याची हाय. सायेबाला चव कळंना." त्याने सगळं सांगितलं. कागद, बोट, तीन-दोन-एक. ती ओरडेल, गाठोडं बांधेल, म्हणून तो वाटेत आडवा उभा राहिला होता.

आवडी उठलीच नाही. तिने सूप बाजूला ठेवलं.

"बरी जमली?" तिने विचारलं.

"जमली."

"किती येळा चाखलीस?"

"असंल ईस-पंचवीस येळा."

आवडीने मान हलवली. "परक्याच्या मेल्या बापासाठी ईस येळा चाखलीस," ती म्हणाली, "आन् माज्या जित्या पोराला दिलीस तवा येक डाव चाखवली नाय तुज्यानं?"

 धाऊ आडवा उभा होता तो बाजूला झाला, आणि तिला जायला वाट मोकळी करून दिली.