न थांबणारा लंबक

मोठ्या मॅडमनी फाइल तिच्याकडे सरकवली आणि वर गोड हसल्या, तेव्हाच तिला कळायला हवं होतं की हे लोढणं आता आपल्याच गळ्यात.

"तुम्हीच बघा हो. विज्ञान तुमचं. घेण्यासारखं आहे की नाही, एवढंच सांगायचं. एका ओळीत."

एका ओळीत! गणित आणि विज्ञानाचे प्रयोग संगणकाच्या पडद्यावर करून दाखवणारं ते ऑनलाइन सॉफ्टवेअर. शाळेच्या गंगाजळीतला मोठा घास त्याच्यात जाणार होता, आणि निकाल म्हणे एका ओळीत. आणि जी गोष्ट फाइलमध्ये नव्हती ती मोठ्या मॅडमनी उठता उठता सांगितली, कुणी जाता जाता दिवा बंद करावा तशी.

"आणि हे घेतलं की प्रयोगशाळेची खोली मोकळीच होईल ना. ऑफिसला जागा कुठेय?"

ती खोली म्हणजे गळका नळ, डाग पडलेली टेबलं आणि कडी न लागणारी खिडकी. छतात ओळीने हुक. त्यांना दोरे आणि दोऱ्यांना लोखंडी गोळे बांधून दर वर्षी सातवीची मुलं लंबक झुलवायची, आणि दर वर्षी कुणीतरी एक गोळा नाकावर घ्यायचंच. टिल्लीच्या वेळची बाळंतपणाची रजा संपवून ती आली, तेव्हा तिथे मोडक्या खुर्च्यांचा डोंगर होता. पदर खोचून तो तिने एकटीने उपसला होता. किल्ली तेव्हापासून तिच्याच पर्समध्ये, टिल्लीच्या रुमालाशेजारी.

तर मनातून तिला हे सॉफ्टवेअर नापासच करायचं होतं. अडचण एवढीच की ते नापास व्हायला तयार नव्हतं. चाचणीसाठी सातवीचा वर्ग संगणकाच्या खोलीत बसवला, विजेच्या परिपथाचा प्रयोग उघडला, आणि तारेतून पळणारे निळे ठिपके बघून मागच्या बाकावरची सदा पेंगणारी मुलगी ताडकन म्हणाली, "म्हणजे बल्ब करंट खाऊन टाकत नाही होय!" हे तिच्या डोक्यात शिरावं म्हणून हिने वर्षभर घसा कोरडा केला होता. हिला आनंद झाला आणि राग आला, दोन्ही एकदम. वाफ, रेणू, ग्रहांच्या कक्षा, जे डोळ्यांना दिसतच नाही ते सगळं त्या पडद्यावर झकास दिसत होतं. खोटं कसं लिहायचं?

मग आला कंपनीचा अहवाल. कोणत्या प्रयोगावर मुलं किती रमली याचे रंगीत खांब. बाकीचे खांब गुडघ्याएवढे, आणि लंबकाचा पार कागदाबाहेर निघालेला.

"मॅडम, मुलं लंबकावरून हलायलाच तयार नाहीत!" कंपनीचा माणूस म्हणाला. त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत कशी नाही, हेही एक कोडंच. "इतका प्रतिसाद आम्ही कुठेच पाहिला नाही."

"माझ्या भूमितीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही," गणिताचे सर म्हणाले, "आणि तुमच्या लंबकाला एवढी गर्दी? काय, पेढे वाटता की काय मॅडम?"

"वाटते हो, पण दोऱ्याला बांधून. नाकावर बसतात."

हसून वेळ मारून नेली खरी, पण तिच्या लक्षात आलं होतं की या एका खांबावरच खोली जाणार. 'प्रयोगशाळेतल्यापेक्षा जास्त रमतात' असं वाक्य अहवालात ठळक छापलेलंच होतं. आणि दुसऱ्याच दिवशी बैठक.

संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊनच स्वयंपाकघरात बसली. एकीकडे कांदा, एकीकडे लंबक. असं काय आहे यात? काहीच नव्हतं. एक दोरा, एक गोळा, इकडून तिकडे. तेवढ्यात टिल्ली येऊन मांडीत घुसली.

"मला दे. मला झोका."

"एकदाच. हे थांबलं की बंद, आणि हात धुऊन जेवायला. कबूल?"

"कबूल."

आणि ती कांद्याकडे वळली. कांदा झाला, फोडणी झाली, ताटं मांडून झाली. टिल्ली तशीच, हनुवटी टेबलावर टेकून.

"टिल्ले, चल."

"थांबलं नाही अजून."

सासूबाई आल्या. "अगं, डोळे फुटतील पोरीचे. आणि जेवण निवतंय ते निराळंच."

"आजी, आईनेच सांगितलंय. थांबलं की."

टिल्लीचा बाबा आला, त्याने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, तर पोरीने असं भोकाड पसरलं की त्याने तोच हात कानावर ठेवला. "तुमचा करार तुम्ही निस्तरा," म्हणाला आणि ताटावर बसला.

तिने लॅपटॉप ओढून घेतला. टिल्लीचे डोळे पाण्याने डबडबलेले, गाल लाल. पण हट्टाने नव्हे. ती खरोखर वैतागली होती.

"आई, याला कोण ढकलतंय?"

ती जागच्या जागी बसली. बघत राहिली. गोळा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, तितकाच, अगदी तितकाच. घर्षण नाही, हवा नाही. कोपऱ्यातल्या एका बारीक चाकावर टिचकी मारली की आत घर्षणाची पट्टी होती, आणि ती शून्यावर ठेवलेली. हा लंबक वर्षभर झुलला असता.

आणि मग तिने कपाळावर हात मारून घेतला. कारण वर्गाच्या फळ्यावर तिनेच, तिच्याच हाताने, दर वर्षीचं वाक्य लिहिलं होतं. गोळा पूर्ण स्थिर झाल्याशिवाय पुढच्या प्रयोगाला हात लावायचा नाही. नाकं वाचवण्यासाठीचं वाक्य!

सकाळी वर्गात शिरल्या शिरल्या तिने विचारलं, "लंबकाशी एवढा वेळ काय करत होतात रे?"

"वाट बघत होतो मॅडम."

"कशाची?"

"थांबायची. तुम्हीच सांगितलंत ना."

"मला वाटलं नेट स्लो आहे," दुसरा म्हणाला.

"आणि एकालाही वाटलं नाही की मला विचारावं? की हा थांबत का नाही?"

पेंगणारी मुलगी हळूच म्हणाली, "कंप्युटरचा आहे ना मॅडम. त्याचं तसंच असेल."

एवढी आज्ञाधारक मुलं! तिला हसावं की डोकं आपटावं कळेना.

बैठकीत तिने आधी स्वतःची चूक सांगून टाकली, तर गणिताच्या सरांना ठसका लागला.

"सेटिंगमध्ये घर्षण आहे की मॅडम," इस्त्रीवाला दुखावल्या आवाजात म्हणाला. "आधी बघायला हवं होतं."

"हो, हवं होतं. चूक माझीच. पण मुलांचं वाट बघणंही तुमच्या खांबाला रमणंच वाटलं ना?"

तो आपल्या कागदांकडे बघू लागला.

"थोडक्यात सांगा," मोठ्या मॅडम कातावल्या. "घ्यायचं की नाही?"

"घ्या. वीज, रेणू, ग्रह, यांसाठी घ्याच. चांगलं आहे. पण खोली नाही द्यायची." तिचा आवाज जरा चढला, तसा तिने तो खाली आणला. "माझी मुलगी पाच वर्षांची आहे. बागेतला झोका थांबतो हे तिला माहीत आहे, म्हणून तिने विचारलं, याला कोण ढकलतंय. सातवीच्या आख्ख्या वर्गाने विचारलं नाही. यंदा आपण त्यांना हुकाला गोळा बांधू दिलाच नाही, थेट पडद्यापुढे बसवलं. आधी ती खोली, मग हा पडदा. हीच माझी एक ओळ."

"ही एक ओळ?" मोठ्या मॅडम म्हणाल्या. भिंतीवरच्या पडद्यावर लंबक मघापासून झुलतच होता, आणि त्यांची नजर त्याच्यामागे जात होती, डावीकडे, उजवीकडे. "आधी ते बंद करा बाई. गरगरायला लागलं मला."

निर्णय काय झाला? जो नेहमी होतो तोच. पुढच्या सत्रात पुन्हा चाचणी, आधी प्रयोगशाळा, मग पडदा. तोवर ऑफिसने आहे त्या जागेत भागवावं. आणि चाचणीचं काम, अर्थात, विज्ञानाच्या मॅडमकडे. फाइल पुन्हा तिच्यापुढे आली, आधीपेक्षा जाड होऊन. पर्समधली किल्ली मात्र जिथल्या तिथे राहिली.

घरी जाताना टिल्लीने बागेपाशी हात ओढलाच. एका खांद्याला फाइल, दुसऱ्याला भाजी, आणि सासूबाईंचा फोन दोनदा वाजून गेलेला.

"एकच झोका," ती म्हणाली आणि ढकलला.

"आता हात नको लावूस," टिल्ली वरून ओरडली. "थांबू दे त्याचं त्याला."

ती पिशवी पायांशी ठेवून उभी राहिली. झोका जरा कमी झाला. अजून जरा. टिल्ली साखळ्या घट्ट धरून, श्वास रोखून बसली होती.

"आई, बघतेयस ना?"

"बघतेय गं बाई," ती म्हणाली. फोन परत वाजत होता.