चौऱ्याहत्तर साल कुणाच्या पलंगाखाली?

डेरेक नोवाकचे फक्त पाय पलंगाबाहेर होते. बाकीचा डेरेक खाली धुळीत शिंकत होता.

"अडुसष्ट सापडलं सर! एकोणऐंशीसुद्धा. चौऱ्याहत्तर मात्र नाही."

"राहू दे रे," क्लेटन बार्थ म्हणाले, पण निघायचं नाव घेईनात.

बार्थ एकाहत्तर वर्षांचे. नेब्रास्कातल्या या कॉलेजगावात माजी विद्यार्थ्यांच्या शनिवारी ते दर वर्षी यायचे. सकाळी मिरवणूक, दुपारी फुटबॉलची मॅच, संध्याकाळी परत घरी. या खेपेला त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात एक पाकीट होतं आणि त्यावर डेरेकचं नाव होतं. त्यांच्या जुन्या फ्रॅटर्निटीचा, म्हणजे कॉलेजातल्या बंधुमंडळाचा, डेरेक यंदाचा अध्यक्ष. मंडळाच्या मालमत्तेचे विश्वस्त बार्थच; बारा वर्षांपूर्वी मंडळाचं घर त्यांच्याच सहीने विकलं गेलं आणि तेव्हापासून पोरं गावभर विखुरली. आता मेपल स्ट्रीटवरचं एक मोठं घर रिकामं झालं होतं. घरमालकीण संध्याकाळी पाचपर्यंत थांबणार होती, आणि हो म्हणायचं की नाही हे एकट्या बार्थ यांच्या हातात होतं.

पाकिटात 'नाही' होतं. गळकं छप्पर, फुटक्या खिडक्या, शेजाऱ्यांच्या तक्रारी, हे सगळं त्यांनी एकदा निस्तरलं होतं. शिवाय हल्लीची पोरं फोनवरून दिवसभर एकमेकांच्या मानगुटीवर बसलेली असतात. त्यांना घर हवंच कशाला?

पाकीट हातात देण्याआधी आपल्या सालची तसबीर एकदा बघावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. दर सालच्या सभासदांचे छोटे छोटे फोटो एका भल्यामोठ्या चौकटीत बसवायचे, ही मंडळाची रीत. घर गेलं तशा भिंतीही गेल्या. म्हणून नवा सभासद आला की तो चिठ्ठी उचलतो आणि निघेल ते साल आपल्या पलंगाखाली सांभाळतो. कुठलं साल कुणाकडे, ही यादी गेल्या वर्षीच्या अध्यक्षाच्या डोक्यात होती, आणि ते डोकं आता नोकरीसाठी अलास्काला गेलं होतं.

दोन गल्ल्या सोडून माइल्स नावाचा दुसरा सभासद एका तळघरात राहत होता. त्याच्याकडे एक्क्याऐंशी साल निघालं. त्यावर शर्ट पसरलेला होता आणि शर्टावर इस्त्री.

"अरे, ह्याच्यावर इस्त्री करतोस?"

"पाठीवर करतो सर, तोंडावर नाही." माइल्सने घाईघाईने इस्त्री उचलली. "चौऱ्याहत्तर टोबीकडे असणार. तो सारखा त्या लोकांबद्दल बोलत असतो."

"मग चला टोबीकडे. कुठे राहतो?"

माइल्सने डेरेककडे पाहिलं. डेरेकने माइल्सकडे.

"तुझ्या बाजूलाच ना?"

"मला वाटलं, तुझ्या."

टोबी रीस हा नवा सभासद ऑगस्टपासून दर सोमवारी लायब्ररीतल्या बैठकीत त्यांच्या शेजारी बसत होता. डेरेकचे कान लाल झाले. आम्ही एका घरचे आहोत, हे त्याने सकाळपासून बार्थ यांना तीनदा ऐकवलं होतं. त्याने फोनवरून टोबीलाच चार शब्द लिहून पाठवले. फोन खिशात जायच्या आत पत्ता आला.

रेल्वेच्या रुळांपलीकडे टायरचं दुकान होतं आणि त्याच्या वर, बाहेरच्या लोखंडी जिन्याने चढून जायची खोली. जिन्यातच चिलीचा, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्शाचा, आणि दालचिनीच्या गोड रोलचा वास आला. दार उघडणाऱ्या मुलाचे केस ओले होते, नुकतेच विंचरलेले.

आतलं छप्पर उतरतं होतं. तसबीर टांगावी अशी एकही भिंत नव्हती. छोट्या टेबलाच्या अलीकडे चिलीचा एक वाडगा होता. पलीकडच्या खुर्चीवर चौऱ्याहत्तर साल बसलेलं होतं. टाय लावलेली एक्केचाळीस पोरं त्या वाडग्याकडे बघत होती.

"दोनच खुर्च्या आहेत," टोबी म्हणाला. "बसा ना सर. थांबा, ह्यांना उठवतो."

त्याने चौकट दोन्ही हातांनी उचलून पलंगावर टेकवली. मग एकदा तिच्याकडे आणि एकदा पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघून तो एकदम खुलला.

"तुम्ही इंजिन ना?"

गेल्या कित्येक वर्षांत बार्थ यांना या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

"तुला कुणी सांगितलं रे?"

टोबीने चौकट उलटी केली. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: 'बार्थ ऊर्फ इंजिन. ह्याच्या घोरण्यामुळे केलरने दोनदा खोली बदलली.'

"तीनदा!" बार्थ इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. "दुसऱ्या खोलीतून बूट फेकून मारायचा भिंतीवर. मी उठून उलटा बूट फेकायचो."

"केलर बरे आहेत ना?" टोबीने विचारलं. घरच्या माणसाची चौकशी करावी तसं.

"गेला रे. मार्चमध्ये."

टोबीचा चेहरा पडला. "अरेरे. मी आज सकाळीसुद्धा त्यांना गुड मॉर्निंग केलं." मग सगळे आपल्याकडे बघताहेत हे ध्यानात येऊन तो हसला. "म्हणजे सगळ्यांनाच करतो. एकट्याने जेवायचं म्हणजे घास उतरत नाही ना."

माइल्स हसायला गेला आणि मधेच थांबला. डेरेक आपल्या बुटांकडे बघत राहिला. बार्थ यांनी चौकट सरळ केली आणि केलरचा फोटो शोधला. केलर कुठे राहतो हे त्यांना कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. तो भिंतीपलीकडे होता.

"हे एवढं मोठं पातेलं कुणासाठी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आमच्या घरी सात जण. त्याहून कमी करायला मला जमतच नाही. आठवडाभर तेच खातो."

"मग वाढ की!"

वाडगे दोनच होते. माइल्सला कॉफीचा मग मिळाला आणि डेरेकला मापाचं भांडं. बार्थ यांनी इकडच्या रीतीप्रमाणे गोड रोलचा तुकडा चिलीत बुडवला तोच टेबल डुगडुगलं आणि रस्सा सांडला. टोबी फडकं आणायला धावला.

बार्थ यांनी कोटात हात घातला. पाकीट काढलं, त्याची चौपदरी घडी घातली आणि वाकून टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली. टेबल हलवून पाहिलं. आता हलत नव्हतं.

डेरेकचं भांडं हातातच राहिलं.

"सर, त्याच्यावर माझं नाव होतं."

"होतं. राहू दे तिथंच, टेबलाला बरोबर बसलंय." बार्थ यांनी घड्याळ पाहिलं. पावणेचार झाले होते. "मेपल स्ट्रीटच्या त्या घरात जेवायची खोली केवढी आहे?"

"सगळे तेवीस बसतील, सर. आणखी दोघंतिघंही."

बार्थ यांनी मान डोलावली आणि वाडगा पुन्हा टोबीपुढे केला.

"एक लक्षात ठेव, डेरेक. जिन्याजवळची खोली घोरणाऱ्याला देऊ नकोस."