मोजणीत नसलेल्या बायका

"सगळे बाहेर आले. एकूण एक माणूस सुखरूप आहे."

इमारतीचे सेक्रेटरी अग्निशमन दलाच्या जवानाला हे सांगत होते, तेव्हा मास्तर त्यांच्या मागेच उभे होते. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे शिंपी. बंबाची घंटा ऐकून गळ्यातली टेप तशीच ठेवून ते धावत आले होते. दुपारची वेळ होती. कुणी घरच्या कपड्यांत, कुणी अनवाणी, एकजण तर पोपटाचा पिंजरा कवटाळून रस्त्यावर उभा होता. सेक्रेटरींची म्हातारी आई खुर्चीत बसून खोकत होती. मास्तरांनी गर्दीतला एकेक चेहरा पाहिला. त्यांची बायको त्याच आजींना सांभाळायची आणि घरचं धुणंभांडंही करायची.

"साहेब, आमची ही कुठं दिसत नाही," मास्तर म्हणाले.

"अहो असेल इथंच. सगळे आलेत म्हटलं ना!"

आजींनी मान वर केली. "ती नाही आली रे," त्या म्हणाल्या. "ती मागच्या जिन्याने गेली."

जवान मागच्या बाजूला धावले. खालचं लोखंडी गेट कुलूपबंद होतं. दुपारी लोकांची झोपमोड नको म्हणून ते रोज तासभर बंद असायचं; बाकीच्या बायका त्याआधीच जायच्या, आणि आजींपाशी थांबणाऱ्या तिला ते माहीतच नव्हतं. कुलूप तोडलं तेव्हा ती गेटच्या आतच सापडली. अंगाला आग लागलेली नव्हती. धुरानेच गेली होती.

त्या इमारतीला दोन जिने होते. पुढचा रुंद, फरशीचा, राहणाऱ्यांचा. मागचा अरुंद, स्वयंपाकघरांना लागून, कामवाल्या बायकांचा. नियम कुठं लिहिलेला नव्हता, लिहायची गरजही नव्हती. कामाला लागल्यावर सुरुवातीलाच एकदा तिचा पाय मुरगळला होता म्हणून ती पुढच्या जिन्याने चढली. त्याच दुपारी कुणीतरी फिनेल टाकून तो जिना धुऊन काढला. घरी येऊन तिनं हसत सांगितलं होतं, "माझ्यामुळे जिन्याला आंघोळ घडली बघा. वर्षाची पारोशी फरशी होती, चांगली चकचकीत झाली."

मास्तरही हसले होते. पण त्यानंतर तिनं पुढच्या पायरीवर पाऊल ठेवलं नाही. काही दिवसांनी त्या गोष्टीचं तिला वाईट वाटेनासं झालं. अंगवळणी पडलं की अपमानही टोचत नाही.

मागच्या जिन्यावर मग लोकांची अडगळ साठत गेली. फाटक्या गाद्या, मोडक्या सायकली, रंगाचे रिकामे डबे. विजेचे मीटरही त्याच्याच तळाशी. ठिणगी तिथंच पडली, गाद्या धुमसल्या आणि अख्खा जिना धुराचं नळकांडं झाला. पुढचा जिना मात्र शेवटपर्यंत स्वच्छ राहिला.

मास्तरांचं घर आता फार मोठं वाटायचं. खरं तर एकच खोली, पडदा लावून दोन केलेली; पुढे दुकान, मागे घर. मास्तरांची नजर कमी झाली होती. सकाळी कामाला जाण्याआधी ती बऱ्याचशा सुयांमध्ये दोरा ओवून उशीवर टोचून ठेवायची. पांढरा, काळा, निळा. आता ते दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणत, "जरा एवढं ओवून देता का?" गिऱ्हाईक ओवून देई, आणि आपली पँट कधी मिळेल ते विचारी. लेक घरी असायची, पण बापलेक एकमेकांसमोर फारसं बोलत नसत. आईचा विषय निघाला तर दुसऱ्याला त्रास होईल, असं दोघांनाही वाटायचं. जेवताना भांड्यांचाच काय तो आवाज.

एके दिवशी आजी काठी टेकत दुकानात आल्या. बरोबर कुणी नव्हतं.

"मुलाला न सांगता आलेय," त्या म्हणाल्या. "तुला सांगितल्याशिवाय मला घास जात नाही. तिनं मला उठवलं, चप्पल घातली, धरून पुढच्या दारापर्यंत आणलं. शेजारच्यांच्या हातात माझा हात दिला. मी म्हटलं, चल गं, तूही इकडूनच चल. तर म्हणते, 'नको आजी, मी जाते माझ्या जिन्याने. तुम्ही जपून उतरा.' आणि वळली. मागे किती धूर कोंडलाय, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. घाईसुद्धा केली नाही रे तिनं."

मास्तरांनी स्टूल पुढे सरकवलं. आजी बराच वेळ त्यावर बसून राहिल्या.

त्याच आठवड्यात सेक्रेटरी आले. माणूस वाईट नव्हता, गोड बोलणारा होता. त्यांच्या पँटी मास्तरच शिवत.

"मास्तर, तुम्ही आपलेच म्हणून बोलतो. रविवारी बैठक आहे. अग्निशमन कार्यालयातल्या इंजिनिअर बाई येणार आहेत. त्यांनी हो म्हटल्याशिवाय इमारत पुन्हा राहायला खुली होत नाही. सगळं व्यवस्थित आहे, फक्त वहिनींचं तेवढं विचारणार. तुम्ही एवढंच सांगा, की ती बिचारी घाबरली, तिची वाट चुकली. खोटं थोडंच आहे? आगीत कोण घाबरत नाही?"

"बघतो," मास्तर म्हणाले.

"आणि लेकीला पाठवा आमच्याकडे, आईच्या जागी. घरचीच पोर."

पडद्यामागून लेकीनं सगळं ऐकलं होतं. सेक्रेटरी गेल्यावर ती बाहेर आली.

"बाबा, काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. पण त्या जिन्याने मी चढणार नाही."

"काम नको का तुला?"

"काम हवंय. तो जिना नकोय."

रविवारी गाड्या लावायच्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मास्तर खांबापाशी उभे राहिले. बसा, असं त्यांना कुणी म्हटलं नाही, आणि त्यांनाही बसावंसं वाटलं नाही.

इंजिनिअर बाई समजावून सांगत होत्या. "पूर्वी नियम सांगायचा, जिना इतका रुंद ठेवा, दार इतकं उंच ठेवा. आता नियम म्हणतो, तुम्हाला हवं तसं बांधा, पण धूर पोहोचायच्या आत आतलं प्रत्येक माणूस बाहेर पडेल, हे सिद्ध करून दाखवा. तुमच्या वास्तुविशारदांनी ते दाखवलं होतं. पुढचा एक जिना सर्वांना पुरतो, असा हिशेब दिला. तो मान्य झाला, म्हणून मागचा जिना सुटकेची वाट राहिलाच नाही. त्यावर सामान ठेवलं, कुलूप लावलं, कुणी हटकलं नाही."

"हिशेब बरोबरच निघाला की," एक गृहस्थ म्हणाले. "आम्ही सगळे पुढूनच उतरलो!"

"एक बाई नाही उतरल्या."

सेक्रेटरी लगेच उठले. "फार वाईट झालं, बाई. घाबरली ती. पाचावर धारण बसली की माणसाला दिशा कळत नाही. तिचे यजमान इथंच आहेत. सांगा मास्तर."

सगळ्या माना वळल्या. मास्तरांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती. त्यांनी गळ्यातली टेप काढून हाताला गुंडाळली.

"ती घाबरली नव्हती," ते म्हणाले. "घाबरली असती, तर आजींना सोडून आधी स्वतः पळाली असती."

"अहो मास्तर..."

"वाटही चुकली नाही. ती तिच्या रोजच्या वाटेनेच गेली."

"पण आगीच्या वेळी पुढच्या जिन्यावर तिला कोण अडवणार होतं?" मघाचे गृहस्थ चिडून म्हणाले. "आम्ही काय राक्षस आहोत?"

"कुणी अडवलं नाही, साहेब. अडवायची गरजच उरली नव्हती."

सेक्रेटरी खाली बसले. पुढच्या रांगेत आजींनी पदर तोंडाला लावला आणि मुलाकडे न बघता म्हणाल्या, "खरं आहे त्याचं. मी ऐकलंय तिच्या तोंडून."

इंजिनिअर बाईंनी विचारलं, "दिवसभरात या इमारतीत कामाला किती बायका असतात?"

एकानं दुसऱ्याकडे पाहिलं. कुणी म्हणालं, पाचसहा. कुणी म्हणालं, छे, बऱ्याच जास्त, येतात नि जातात, कोण लक्ष ठेवतं?

"हिशेबात एकही नाही," बाई म्हणाल्या. "माणूस संकटात ओळखीच्या वाटेनेच पळतो, हे आमच्या अभ्यासात पहिल्याच दिवशी शिकवतात. तरी त्यांची वाट कोणती, हे आमच्या कार्यालयानेही विचारलं नाही. ती आमचीही चूक आहे. या बायका मोजून हिशेब पुन्हा द्या. आणि पुढचा जिना सगळ्यांना रोज वापरू द्या, नुसता आगीच्या दिवशी नाही. तोवर परवानगी मिळणार नाही."

बैठक मोडली. मास्तरांच्या जवळून जाताना एक बाई पुटपुटल्या, "मेलेल्या बायकोच्या नावाने आमची घरं बंद ठेवली." मास्तरांनी ऐकलं. हाताची टेप सोडून पुन्हा गळ्यात घातली आणि ते दुकानाकडे वळले.

इमारतीला पुढे परवानगी मिळाली. नवा हिशेब झाला, त्यात बायका मोजल्या गेल्या, पुढचा जिना त्यांना खुला झाला. सेक्रेटरींच्या पँटी मात्र दुसऱ्या शिंप्याकडे जाऊ लागल्या, आणि त्या इमारतीतली बाकीची गिऱ्हाइकंही हळूहळू तुटली. लेक एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर लागली. ती संध्याकाळी येईपर्यंत मास्तर दुकानात एकटेच मशीन चालवतात. काम नसलं तरी चालवतात. आवाज बरा वाटतो.

पुढचा जिना खुला आहे, तरी निम्म्याहून जास्त बायका अजून मागूनच चढतात. पुढून चढणारीकडे दारांतून अजून वळून पाहिलं जातं. मागच्या गेटला कुलूप नाही, पण गेट काढलेलं नाही. त्याच रस्त्यावर तशाच आणखी इमारती आहेत. तिथं दुपारी किती बायका कामाला असतात, हे अजून कुणीही मोजलेलं नाही.