संध्याकाळी मला बोलावणं आलं

इकडेतिकडे पाहू नका, बोलतेय ती मी. सुतारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून बसलेली छोटी पाणचक्की. उंचीला जेमतेम खुर्चीएवढी, म्हणून घरात मला 'ठेंगणी' म्हणतात. म्हणोत बापडे!

मला मालकांनी स्वतःच्या हातांनी बनवलं. ओढ्याचं पाणी आधी दगडी टाकीत येतं. टाकीच्या तोंडाशी लाकडी फळी आहे. ती उचलली की पाणी माझ्या चाकावर कोसळतं, मी गरगर फिरते आणि वीज तयार होते. त्या विजेवर मालकांची करवत वर्षानुवर्षं चालली. करवत थांबली की मालकीणबाई लगेच येऊन फळी खाली टाकायच्या. "उगाच कशाला झिजायचं बिचारीनं?" म्हणायच्या. माझी एवढी काळजी दुसऱ्या कुणी केली नाही.

पुढे मालकांचे गुडघे कुरकुरू लागले, करवत बंद झाली आणि मी धूळ खात पडले. माझ्या चाकात कोळ्यांनी संसार थाटले. भंगारवाला येऊन मला टिचक्या मारून गेला. फार अपमान वाटला हो!

वाचवलं ते मालकांच्या लेकीनं. दिवेलागणीला सगळ्यांना एकदम वीज लागायची आणि आमच्या गल्लीतले दिवे मान टाकायचे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तर डॉक्टरीणबाई दातांत टॉर्च धरून टाके घालायच्या.

"वीज कंपनीनं आता बाजार मांडलाय, बाबा," लेक म्हणाली. "संध्याकाळी किती वीज देणार आणि काय भावानं, ते आपण सकाळी मोबाइलवर सांगायचं. भाव पटला की बोलावतात. कुणी गोबरगॅसवरची वीज विकतंय, कुणी छपरावरच्या पवनचक्कीची. मग आपल्या ठेंगणीनं काय घोडं मारलंय?"

"आणि ऐन वेळी नाही जमलं तर?"

"पहिल्याच खेपेला शब्द मोडला तर नाव काढून टाकतात."

"मग भंगारवाला आहेच," मालक म्हणाले.

लेकीनं भाव कळवला आणि त्याच संध्याकाळचं बोलावणं आलं. मालकांचा उत्साह काय विचारता! माझे सांधे मोकळे व्हावेत म्हणून त्यांनी सकाळीच फळी उचलून ठेवली. दिवस उन्हाळ्याचे, ओढ्याची धार करंगळीएवढी. दुपारी टाकीचा तळ दिसू लागला, मी धापा टाकू लागले. पण मालक जेवून घोरत होते. मला ओरडता येत असतं तर!

ऊन कललं. मालक मागे आले आणि पाहतात तो मी गप्प उभी.

"अगं, फळी कुणी टाकली?"

"मीच, मघाशी जेवणं झाल्यावर," मालकीणबाई म्हणाल्या. "करवत बंद आणि ही आपली रिकामीच फिरतेय. मला नाही बघवलं."

"अगं, आज तिची परीक्षा होती! सकाळपासून तयार ठेवली होती मी!" मालकांनी कपाळावर हात मारला.

"बाबा, आधी इकडे या," टाकीत डोकावत लेक म्हणाली. "टाकी काठोकाठ भरलीय."

मालकांनी टाकीकडे पाहिलं, मग त्या बारीक धारेकडे पाहिलं. फळी उघडीच राहिली असती तर आत्ता टाकीत चूळ भरण्यापुरतंही पाणी नसतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. आवाज एकदम खाली आला.

"अहो, बघत काय बसलात? उचला आता!" मालकीणबाई म्हणाल्या.

फळी उचलली आणि मी अशी फिरले, अशी फिरले की कोळ्यांचे उरलेसुरले संसार उडाले. पुरे झाल्याचा निरोप येईपर्यंत मी थांबले नाही. गल्लीतला एकही दिवा मिणमिणला नाही. मालक टाकीच्या काठावर बसून राहिले, डोळे पुसत. मलाही इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

आता मालक सकाळी भाव कळवण्याआधी विचारतात, "अगं, आज फळी कधी टाकतेस?" भंगारवाला मला नुसताच नमस्कार करून पुढे जातो.

कधी या बाजूला आलात तर जरूर डोकावा. फळीला तेवढा हात लावू नका, ती मालकीणबाईंची आहे. माझ्या डोक्यावर खिळ्याला एक टॉर्च टांगलेला दिसेल. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाई तो घेऊन आल्या होत्या. "फळी उचलताना अंधारात लागेल तुम्हाला," म्हणाल्या. "मला आता नको."

त्याच्यावर दातांच्या खुणा अजून आहेत.