दमयंतीचं 'म्हनं'

दमयंतीनं 'म्हनं' लावलं होतं. ते ती आजही शपथेवर सांगेल.

स्वाइन फ्लूचं वर्ष होतं. पनवेलच्या बाजारात लोक तोंडाला रुमाल बांधून मासळी घ्यायचे. करंज्याची दमयंती आणि गव्हाणची आसिया बारा वर्षं शेजारी बसून सुकी मासळी विकत होत्या. एकीचा डबा दुसरीनं उघडावा इतकं त्यांचं सूत. त्या दिवशी आसिया चहाला गेली असताना शाळेतल्या कुमुदबाई आल्या आणि तिच्या जवळ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "हिच्या जवळ्यावर माशी कशी बसत नाही गं?"

दमयंतीची सकाळपासून बोहणी झाली नव्हती. जीभ वळवळली, दुसरं काय!

"कायतरी औषध मारतात म्हनं," ती बोलली आणि बाईंच्या पिशवीत बोंबील घालून मोकळी झाली. आसिया जवळा जुन्या मच्छरदाणीखाली वाळवते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ते 'म्हनं' बाजाराच्या फाटकापर्यंतसुद्धा टिकलं नाही. चार दिवसांत गावभर झालं, आसियाच्या जवळ्यावर औषध असतं. तिची टोपली भरलेली यायची, भरलेलीच परत जायची.

दमयंतीला घास गोड लागेना. तिनं आसियाचा जवळा मूठभर तोंडात टाकून दाखवला, तर बायका हसल्या. शेजारीण, ती असंच करणार. शेवटी एक दिवस कुमुदबाईंना बाजूला ओढून, आसियाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ती म्हणाली, "बाई, मी खोटी बोलली. औषध नाय न काय नाय. मच्छरदानीत सुकवते ती."

बाईंनी मान डोलावली. मग सोबतच्या बाईला मोठ्यानं म्हणाल्या, "औषध नाही म्हणे." आणि दोघी पलीकडच्या टोपलीशी जाऊन बसल्या.

आसियानं ते ऐकलं. तिनं पसारा आवरला. उद्यापासून ती येणार नव्हती, उरणला भावाकडं शिवणकाम बघणार होती. उठताना तिनं दमयंतीचा हात घट्ट धरला.

"अख्ख्या बाजारात माझ्या बाजूनं तू एकटी बोललीस, दमा. अल्ला तुझं भलं करो. कुणी उठवलं हे, कळलं का गं तुला?"

दमयंतीला ब्रह्मांड आठवलं. ती रिकाम्या जागेकडं बघत राहिली, आणि तोंडातून निघालं ते एवढंच.

"आपल्यातलीच कोनीतरी हाय म्हनं."